ओटावाचं विचारायचं नाही

हॅलिफॅक्सला आल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात, घरासमोरचा बर्फ फावड्याने शोव्हल करताना माझी कंबर धरली ती महिनाभर सुटली नाही. फॅमिली डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या आणि वर म्हणाली, "पोहायला जा." मी अकोल्याची. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला पाणी आलं तरी ती कॉलनीभर बातमी व्हायची. पोहणं वगैरे कुठून येणार आमच्या आयुष्यात? तरी चाळिशी उलटल्यावर मी कम्युनिटी पूलमधल्या मोठ्यांच्या बिगिनर्स क्लासला नाव घातलं. मुलगी तेव्हा ग्रेड एटमध्ये होती. तिला याची कोण मजा वाटली. "मॉम, यू विल लिटरली सिंक," म्हणाली.

बुडाले नाही, पण तरंगलेही नाही. उथळ भागात काठाची दांडी धरून मी उभी असायची. शेजारच्या लेनमध्ये एक म्हातारी बाई रोज उताणी पोहत असायची. पांढरी टोपी, काटकुळे हात, वेग असा की काठावरून चालणारं लहान मूल पुढे जाईल. पण एकदा सुरुवात केली की थांबायची नाही. हात डोक्यामागे जायचा तो पाण्याचा एक थेंबही न उडवता आत शिरायचा.

एक दिवस ती माझ्याजवळ येऊन थांबली. "तू पाण्याशी भांडतेस," म्हणाली. "कान बाहेर ठेवायची धडपड चाललीय तुझी. मान वर राहते, म्हणून पाय खाली जातात. कान बुडू दे."

मी काहीतरी उत्तर दिलं. तिने हसून कानाकडे बोट दाखवलं. "काही ऐकू येत नाही. माझी मशीन लॉकरमध्ये आहेत."

मी कान बुडवले. पाय आपोआप वर आले. छताकडे बघत मी पाण्यावर पडून राहिले आणि इतकं हसू यायला लागलं की नाकात पाणी गेलं.

कपडे बदलायच्या खोलीत, तिने मशीन कानात घातल्यावर, मी तिला सांगितलं की मी ऑडिओलॉजिस्ट आहे, लोकांचे कान तपासणं आणि मशीन बसवणं हेच माझं काम. मुंबईची डिग्री कॅनडात मान्य करून घ्यायला, हॅलिफॅक्सला येण्याआधीच, बरीच वर्षं गेली होती आणि मी नुकतीच एका क्लिनिकमध्ये लागले होते. तिने माझ्याकडे नीट बघितलं. "मग मी तुझ्याकडे येते," म्हणाली. "मी तुला तरंगायला शिकवलंय. तू मला ऐकायला शिकव."

इथे क्लायंटला सगळे नावानेच हाक मारतात. पण नव्वदी कधीच ओलांडलेल्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. शेवटी मी त्यांना विचारलं, आमच्या भाषेत तुमच्या वयाच्या बाईला आजी म्हणतात, चालेल का? त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला. "आजी. छान आहे, आखूड आहे," म्हणाल्या. तेव्हापासून त्या आजी. आमच्या व्यवसायात पेशंटबद्दल बाहेर बोलायचं नसतं. पुढचं लिहायला मी त्यांची परवानगी घेतली होती. त्यांची अट एकच होती, की नाव नको.

पूलच्या कॅफेत चहा पिताना त्यांचं पोहणं हळूहळू समजत गेलं. त्यांचे वडील बंदरात, मोठ्या जहाजांना वाट दाखवत आत आणणाऱ्या पायलट बोटीवर होते. शहराच्या पश्चिमेला समुद्राचा जो लांब फाटा आत शिरतो, त्यात त्या पोहायला शिकल्या. पाणी ऑगस्टमध्येही हाडं गोठवणारं. विशीच्या आतच त्या या भागातल्या प्रांतांच्या स्पर्धेत बॅकस्ट्रोकमध्ये पहिल्या आल्या आणि देशाच्या संघाच्या निवडीसाठी बोलावणं आलं. पुढच्या वर्षी जगभरातल्या देशांचे खेळ भरणार होते. आईने नवा कोट शिवला. मग युरोपात युद्ध पेटलं आणि काही महिन्यांनी कोच घरी आले.

"मी बटाटे सोलत होते," आजी म्हणाल्या. "ते दारातच उभे राहून म्हणाले, खेळ रद्द झाले. मी म्हटलं, बरं. आणि उरलेले बटाटे सोलले. रडणार कोणापुढे? आमच्या गल्लीतली मुलं बोटींवर चढत होती."

"मग युद्धात तुम्ही काय केलंत?"

"ओटावाला होते. नौदलाच्या महिला शाखेत. टायपिस्ट." कपातला चहा त्यांनी संपवला आणि विषयही.

आजी क्लिनिकमध्ये आल्या तेव्हा मी त्यांचे कान तपासले. वयोमानाने होतं तसंच होतं, पण बरंच पुढे गेलेलं. आवाज कळतो, शब्द कळत नाही. माणूस बोलतोय हे ऐकू येतं, पण स, फ, त अशी बारीक अक्षरं गळून पडतात आणि वाक्याची जाळी झालेली असते. बाकीचे पेशंट अशा वेळी टीव्हीबद्दल तक्रार करतात. आजी म्हणाल्या, "उन्हाळ्यात माझा मुलगा व्हँकुव्हरहून येतोय. मला त्याला एक गोष्ट सांगायची आहे. आणि ती ऐकून तो काय म्हणतो ते मला शब्दन्‌शब्द कळलं पाहिजे. मान हलवून वेळ मारून नेता येणार नाही."

माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी लोकांना उशीर झालेला असतो. ज्याचं बोलणं ऐकायचं होतं तो माणूस आता या जगात नसतो, आणि कानात घातलेल्या महागड्या मशीनला फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येते. इथे एक बाई वेळेवर आली होती. मी ठरवलं, हे काम नीट करायचं.

नवी मशीन बसवली आणि जोडीला एक छोटा माइक घेतला. समोरच्याने तो कॉलरला लावायचा, म्हणजे त्याचा आवाज मधला सगळा गोंगाट टाळून थेट आजींच्या कानात पोचतो. पण क्लिनिकच्या शांत खोलीत सगळंच छान ऐकू येतं. खरी परीक्षा बाहेर. म्हणून मे महिन्यातल्या एका शनिवारी मी, मुलगी आणि आजी अशा तिघी बंदरापलीकडच्या डार्टमथला जाणाऱ्या फेरीबोटीत बसलो. माइक मुलीच्या जॅकेटला लावला आणि तिला डेकच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. इंजिनाची धडधड, वारा, सीगलचा कलकलाट. मुलगी रेलिंगला टेकून पाण्याकडे बघत उभी होती.

आजी एकदम म्हणाल्या, "तिला थंडी वाजतेय. आणि फ्राइज हवेत."

मी जाऊन विचारलं, तर मुलगी पुटपुटत होती तेच ते. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "दॅट्स क्रीपी," म्हणाली, आणि मग, "दॅट्स ऑसम."

पलीकडे उतरून आम्ही फ्राइज घेतले आणि बंदराकडे तोंड करून बाकावर बसलो. समोर नौदलाच्या राखाडी बोटी उभ्या होत्या. जे विचारायचं मी महिनोन्‌महिने टाळलं होतं ते मुलीने तोंडात फ्राय असतानाच विचारून टाकलं. "तुम्ही मुलाला काय सांगणार आहात?"

आजी जरा वेळ बोटींकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "चला, तुमच्यावर सराव करते."

त्या नौदलात भरती व्हायला गेल्या तेव्हा मुलाखत घेणाऱ्या बाईने विचारलं होतं, तुला काय चांगलं जमतं? पोहायला, त्या म्हणाल्या. बाई हसली नाही. तिने विचारलं, पोहताना कसला विचार करतेस? कसलाच नाही, हात मोजते. कंटाळा येत नाही? कंटाळा आला की हरते मी. एवढ्यावर त्यांना ओटावाला पाठवलं गेलं. तिथे पहिल्याच दिवशी एका अधिकाऱ्याने शपथ घ्यायला लावली. इथलं एक अक्षर बाहेर बोलायचं नाही, आईशी नाही, पुढे लग्न झालं तर नवऱ्याशीही नाही. कोणी विचारलं तर सांगायचं, टायपिस्ट आहे.

"जर्मन पाणबुड्या आपल्या किनाऱ्याशी वायरलेसवर बोलायच्या," आजी सांगत होत्या. "ते बोलणं पकडणाऱ्या मुली वेगळ्या, त्या समुद्रकाठी कानाला हेडफोन लावून बसायच्या. आमच्या टेबलावर यायचे ते नुसते अक्षरांचे पुंजके. काही अर्थ नाही. त्यातलं काही आम्ही उलगडायचो, फार अवघड असेल ते इंग्लंडला जायचं."

"उलगडायचं कसं पण?" मुलगी.

"माणसाला सवयी असतात. हवामान कळवायचं असेल तर तो रोज त्याच वेळी तेच शब्द त्याच क्रमाने पाठवतो. एकजण निरोपाच्या शेवटी उगाच एक जादा अक्षर ठोकायचा. दिवसेंदिवस तेच ते बघत बसलं की एखाद्या सकाळी ते दिसतं. हुशारी लागायची, आमच्यात गणित शिकलेल्या मुली होत्या. पण मी तशी नव्हते. मला बघत बसता यायचं, एवढंच."

त्यातून काय कळायचं, तर अटलांटिकमध्ये पाणबुड्या साधारण कुठे जमत आहेत. कधी वेळेवर कळायचं आणि जहाजांचा काफिला वळवला जायचा. कधी उलगडेपर्यंत उशीर झालेला असायचा.

"आणि तुमचे मिस्टर?" मी विचारलं.

ते त्याच काफिल्यांबरोबर जाणाऱ्या एका छोट्या लढाऊ बोटीवर होते. ती बोट बुडाली. कितीतरी वेळ ते तेलाने माखलेल्या पाण्यात होते, त्यांच्याबरोबरचे बरेच जण वर आलेच नाहीत. या दोघांची ओळख झाली युद्ध संपल्यावर. लग्नानंतर ते कधी पाण्यात उतरले नाहीत आणि बायको पोहायला निघाली की घराच्या खिडकीत उभे राहायचे. आजींनी स्पर्धा सोडल्या. ते डॉकयार्डात कामाला गेले की त्या गुपचूप पोहून यायच्या आणि ते परतायच्या आत केस वाळवायच्या. दर नोव्हेंबरमध्ये, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या दिवशी, ते पदकं लावून जुन्या सैनिकांच्या रांगेत उभे राहायचे आणि आजी थर्मास घेऊन बायकांच्या घोळक्यात. एकदा शेजारीण म्हणाली, तुमची ओटावाला मजा होती, रोज डान्स असतील. आजी म्हणाल्या, हो, बरेच असायचे.

"पण नंतर बोलायची परवानगी मिळाली असेल ना?"

"मिळाली. उशिरा मिळाली, पण तेव्हा ते हयात होते. आम्ही दोघं सकाळी याच बंदराकडे बघत चहा प्यायचो. मी कितीदा तोंड उघडलं असेल." त्या थांबल्या. हातातला फ्राय त्यांनी तसाच परत ठेवला. "मी सांगितलं असतं, तर त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असता? आमच्या बोटीच्या वेळी तुम्हाला कळलं होतं का? आणि मला ते माहीत नाही. खरंच माहीत नाही. इतके निरोप यायचे. कदाचित त्या दिवशीचा पुंजका माझ्याच टेबलावर पडून असेल आणि मला तो सुटला नसेल. कदाचित माझी सुट्टी असेल. शपथ कधीच संपली होती गं. त्या प्रश्नाला मी घाबरले."

मुलीने आजींच्या पायावरची शाल नीट केली. परतीच्या फेरीबोटीत ती त्यांच्याशेजारी बसली आणि माइक काढून माझ्या हातात दिला.

जुलैत मुलगा आला. मी त्याला क्लिनिकमध्ये पाहिलं, माइक कसा लावायचा ते शिकायला तो आला होता. सत्तरीला टेकलेला, उंच, जरा संकोचून बोलणारा गृहस्थ. व्हँकुव्हरला सिनेमांच्या सेटवर सुतारकाम करून निवृत्त झालेला. त्याला वाटत होतं, आईला आपल्याशी गप्पा मारायच्या आहेत म्हणून हा खटाटोप. मी त्याला माइकची क्लिप पुन्हा एकदा लावून दाखवली.

पुढचं मला आजींनी ऑगस्टमध्ये सांगितलं, मशीन साफ करून घ्यायला आल्या तेव्हा. सकाळचा नाश्ता झाल्यावर त्यांनी मुलाला समोर बसवलं, त्याच्या कॉलरला स्वतःच्या हाताने माइक लावला आणि सगळं सांगितलं. शेवटी त्याने एकच विचारलं.

"बाबांना माहीत होतं?"

"नाही."

तो उठला. "मी जरा बाहेर जाऊन येतो," म्हणाला आणि मागच्या अंगणात गेला. माइक कॉलरलाच राहिला.

आजी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून होत्या. कानात आधी पावलं ऐकू आली, मग पायरीवर बसल्याचा आवाज, मग तो बायकोला फोन लावत असल्याचं कळलं. "मला मशीन काढून ठेवता आली असती," आजी म्हणाल्या. "हात कानापर्यंत गेलाही होता."

"मग?"

"नाही काढली."

मुलगा फोनवर बायकोला सांगत होता. आई म्हणते बाबांना माहीत नव्हतं, पण मला आठवतंय ना. मी शाळेत होतो. युद्धावर काहीतरी लिहून न्यायचं होतं. बाबा गॅरेजमध्ये होते. मी म्हटलं, आईला विचारतो, ती ओटावाला होती. त्यांनी हातातलं काम टाकलं आणि मला म्हणाले, आईला ओटावाचं विचारायचं नाही. कधीच नाही. मी म्हटलं, का? ती तर टायपिस्ट होती. तर म्हणाले, त्या बिल्डिंगमध्ये कोणी टायपिंग करत नव्हतं.

हे सांगताना आजींचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

मुलगा आत आला तेव्हा त्यांनी नुसतं त्याच्या कॉलरकडे बोट दाखवलं. तो आधी लाल झाला. मग खाली बसला आणि पोट धरून हसायला लागला. "आई, तू अजून तेच काम करतेस," म्हणाला. हसता हसता दोघंही रडली असावीत, पण ते आजींनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

"कुठून कळलं असेल त्यांना?" मी म्हटलं.

"नौदलातली माणसं, एकमेकांत बोलत असतील. किंवा मीच कधीतरी काहीतरी बोलून गेले असेन. मुलाला यापेक्षा जास्त काही माहीत नाही, मी त्याला चार वेळा उलटसुलट विचारलं." माझा पुढचा पेशंट बाहेर येऊन बसला होता, पण मी त्यांना उठवलं नाही. "मला आधी रागच आला. इतकी वर्षं मी केस वाळवत बसले, शब्द गिळत बसले, आणि हा माणूस सगळं जाणून खिडकीत उभा. पण मग वाटलं, त्यालाही तोच प्रश्न पडला असेल. मला उत्तर द्यायची भीती, त्याला ऐकायची. म्हणून त्याने विचारलं नाही आणि मुलालाही विचारू दिलं नाही. त्याने मला सांभाळलं की स्वतःला, हे आता कोण सांगणार?"

मी म्हटलं, "दोन्ही असेल."

"असेल," त्या म्हणाल्या. "लग्नात बहुतेक दोन्हीच असतं."

मुलगा ठरल्यापेक्षा बरेच दिवस राहिला. नंतर दर रविवारी ती दोघं व्हिडिओ कॉल करायची. आजी तक्रार करायच्या की तो आता फार बोलतो, कान दुखतात. पूलवर त्यांची लेन तशीच चालू होती. मी एव्हाना पूलची एक लांबी न थांबता पार करू लागले होते. उताणीच. पालथं पोहायला मला आजही भीती वाटते.

मग नवऱ्याला केंब्रिजच्या कार प्लांटमध्ये नोकरी लागली आणि आम्ही ओंटारिओत आलो. निघायच्या आधी आजींना भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला मिठी मारली नाही, त्यांना ती सवय नव्हती. हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तिथे सरोवरं आहेत. गोडं पाणी कमी उचलतं, लक्षात ठेव."

पुढच्या वर्षी, बर्फ वितळायच्या सुमारास, मुलाचा फोन आला. आजी झोपेत गेल्या होत्या. तो म्हणाला, तिने मला बजावून ठेवलं होतं, पेपरात माझ्याबद्दल लिहिशील तेव्हा आधी पोहण्याचं लिही, युद्धाचं एका ओळीत. तसंच लिहिलंय. मी फोन ठेवला आणि ग्रोसरी स्टोअरच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून राहिले. मुलीला घरी जाऊन सांगितलं. ती आता जवळजवळ माझ्याएवढी झाली होती. "ओह, आजी," एवढंच म्हणाली आणि तिच्या खोलीत गेली.

काही आठवड्यांनी त्याचा पुन्हा फोन आला, आईचं घर आवरायला तो अजून हॅलिफॅक्सलाच होता. पेपरातली ती एक ओळ वाचून हॅलिफॅक्सच्याच एका बाईंनी त्याला शोधून काढलं होतं. त्यांची आई त्याच वर्षांत ओटावालाच होती, तीही नौदलात. आता वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये आहे, बोलते कमी. तुमच्या आईने काही सांगितलं होतं का, आम्ही आमच्या आईला काय विचारावं, असं त्या विचारत होत्या.

"मी काय सांगू त्यांना?" तो मला म्हणाला.

"मला विचाराल तर," मी म्हटलं, "आधी एकदा भेटून या."

तो गेला. त्या बाईंच्या आई खिडकीपाशी व्हीलचेअरवर बसल्या होत्या. त्याने आईचं माहेरचं आडनाव सांगितलं. त्यांनी मान वळवून त्याच्याकडे निरखून बघितलं. ओटावातल्या कामाबद्दल विचारलं तेव्हा त्या हसल्या आणि त्यांनी हवापाण्याचा विषय काढला. तो निघायला उठला तसा त्यांनी त्याच्या बाहीचा काठ धरला.

म्हणाल्या, "ती नदीत उतरायची. काठावर अजून बर्फ असायचा, आणि आम्ही सगळ्या कोट घालून, तिचे कपडे हातात धरून उभ्या असायचो. आम्ही ओरडायचो, बाहेर ये, ड्युटीची वेळ झाली. तिला काही ऐकूच जायचं नाही."